थ्री नॉट थ्रीच्या पोटातली नळी

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

दुकानाची एक सरकारी वही आहे. तिच्यात कोणती बंदूक आली अन् कोणती गेली, एवढंच लिहायचं असते. राग लिहायले तिच्यात रकाना नाही, म्हणून ही वेगळी काढली.

आज महादेवराव आले होते. लोणार रोडवरची मुलींची सैनिकी शाळा त्यांच्या संस्थेची आहे. सोबत तिथं निशाणेबाजी शिकवणारे नागसेन, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. दोघं बसले, चहा प्याले. कपबशा मी दिल्या, मीच उचलल्या, अन् कामाचं सारं बोलणं आमच्या ह्यांच्याशी. मी जशी काही भिंतीवरचं कॅलेंडर.

काम मात्र मोठं आहे. शाळेत कवायतीच्या दहा जुन्या रायफली आहेत, फौजेतून आलेल्या, थ्री नॉट थ्री. पोरी त्या खांद्यावर घेऊन लेफ्ट-राइट करतात, त्यांतून गोळी सुटत नाही. आता सरकारची परवानगी आली. या जाड रायफलींच्या पोटात बारीक नळी बसवून त्या लहान गोळीच्या, पॉइंट टू टूच्या, करायच्या. म्हणजे पोरींले खरा नेम शिकता येईल. आधी दोन करून दाखवायच्या, दसऱ्यानंतर जिल्ह्याचे साहेब तपासणी घेतील. पास झाल्या तर बाकीच्या आठही आपल्याकडंच. नापास झाल्या तर डिसेंबरात दुकानाचा परवाना नवा होणार नाही, हे महादेवराव लय गोड आवाजात सांगून गेले. त्यायले हे काम बाहेरच्या मोठ्या दुकानाले द्यायचं होतं. नागसेन अडून बसले की मेहकरात रंगराव असताना बाहेर कायले.

रंगराव म्हणजे आमचे हे. अन् गंमत अशी की रंगरावांचा उजवा हात दोन वर्षांपासून लकव्यानं पडला आहे. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात नाही. चमचा धरत नाही तो हात. पण हे कोणाजवळ कबूल करत नाहीत. "येऊन राह्यला हळूहळू," म्हणतात अन् दुपट्ट्याखाली झाकून ठेवतात. डॉक्टरलेही तसंच सांगतात.

लेथ मी चालवतो, कानस मी मारतो, जोडाले डाग मी देतो. बारीकसारीक कामं तर मी पहिलेपासूनच करत आली, ते काही काम नव्हे. पण परवान्यावर नाव यायचं, म्हणजे ह्यांचं, अन् माझ्या नावापुढं लिहिलं आहे 'मदतनीस'. मदतनिसानं पुसायचं अन् तेल द्यायचं. सगळ्या मेहकरले खरं काय ते माहीत आहे, फक्त सरकारले माहीत नाही.

महादेवराव जाताना यायले म्हणाले, जमेल ना रंगराव, प्रकृती पाहून हो म्हणा. हे म्हणाले, जमेल. मी मोरीत कपबशा आपटल्या. जमवणार कोण ते मीच जाणो.

९ सप्टेंबर

दोन रायफली आल्या. रोज सकाळी पोलिसांची गाडी आणते, संध्याकाळी परत नेते, अन् दिवसभर ठाण्यातली काजल नावाची पोलीस पोरगी दुकानात पहारा देत बसते. पोरगी चांगली आहे, नांदुऱ्याकडची. पहिल्या दिवशी मोबाइल पाहत होती, आज स्टूल लेथजवळ ओढलं.

तिनं विचारलं की नुसती बारीक नळी बसवली की झालं का. म्हटलं, तसं असतं तर कोणीही केलं असतं. मोठ्या काडतुसाले बुडाच्या मधोमध ठोका लागते, लहान्याले काठाले. म्हणजे आतल्या सुईची जागाच हलवावी लागते. जुनं सगळं मोठ्याच्या मापानं बनलेलं अन् आता त्यातून लहान्याचं काम करून घ्यायचं. खटका तोच, दस्ता तोच, पोट दुसरं.

हे दारातल्या खुर्चीत रस्त्याकडं तोंड करून बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याले वाटावं की देखरेख चालू आहे. मधून मधून मोठ्यानं म्हणतात, "हं, आता सावकाश." तेव्हा मी चहा पीत असतो.

संध्याकाळी काजल हळूच म्हणाली, काकू, काका तर नुसते बसून राहतात. म्हटलं, पोलिसांनी पहारा रायफलींवर द्यावा, माणसांवर नाही. हसली.

१४ सप्टेंबर

आज एका रायफलीच्या बोल्टाचं, म्हणजे काडतूस मागून दाबून धरणाऱ्या खिट्टीचं, तोंड बिघडवलं. कानस एकदा जास्त फिरली अन् सत्यानाश. दोन दिवसांचं काम वाया, पुन्हा पहिल्यापासून. लिहायले लाज वाटते पण खरं ते खरं. मले हे जमणार आहे का? दुनळ्या बंदुका दुरुस्त करणं वेगळं अन् हे वेगळं. भीती वाटते, अन् भीती वाटली की मी भांडतो.

हे म्हणाले, घाई केली तू, हात हलका पाहिजे होता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मंग उठा अन् दाखवा हलका हात."

उठले. मागच्या खोलीत गेले अन् आतून कडी लावली. हे आता रोजचंच झालं आहे. दुपारी दोन तास कडी लावून बसतात. आतून काहीतरी पडल्याचा आवाज येते, थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज. विचारलं तर म्हणे मांजर. आमच्या घरात मांजर नाही. रुसून वस्तू फेकत असतील, फेका म्हणा.

२० सप्टेंबर

झालं! दोन्ही झाल्या!

शाळेच्या रेंजवर नेल्या. पहिली गोळी कोणीही खांद्यावरून झाडत नाही. रायफल टायरले बांधायची, खटक्याले दोरी लावायची अन् लांबून ओढायची. दोरी नागसेनांनी यायच्या हातात दिली, मान म्हणून. यायनं डाव्या हातानं घेतली, दुपट्टा उजव्यावर होताच. ओढली. लहानसा आवाज झाला, फटाक्यासारखा, अन् मातीच्या ढिगात गोळी गेली. थ्री नॉट थ्रीचा धडाका ऐकलेल्या माणसाले हसू यावं असा आवाज. मले रडू आलं.

मग नागसेन चटईवर पालथे झाले. पाच गोळ्या कागदावर अशा बसल्या की वर माझी बांगडी ठेवली तर पाचही आत. मी खरंच ठेवून पाह्यली. दुसरी रायफल थोडी उजवीकडं मारत होती. टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतात, ती मी तिथंच केसभर सरकवली अन् तीही बांगडीत आली.

नागसेन उठले अन् यायले कडक सॅल्यूट ठोकला. "वस्ताद, हात अजून तोच आहे." हे हसले, मान डोलावली. मी जवळच उभी होती, हातात बांगडी धरून. गिळलं. गिळायची सवय आहे मले.

२६ सप्टेंबर

पुण्याहून शेखरचा फोन. आमचा एकुलता एक. आई, बस झालं, दुकान काढून टाका, इकडं या. इकडं काय करू विचारलं तर म्हणे आराम करा. म्हटलं, बाबू, तुह्या सोसायटीत लिफ्टमधून खालीवर करण्यापेक्षा मी इथं लोखंड घासीन. तो म्हणाला, पण ते काम बाबांचं आहे ना. मी फोन यायच्याकडं दिला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजचा दिवस लिहून ठेवतो कारण मी रागात आहे.

खंडेनवमीले आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची. कानशी, लोखंडी पाने, नळी साफ करायची सळई, तेलाची बुधली, सगळं. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूले हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवून सगळं पुन्हा चकचकीत साफ करायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून तबक धरायले मी उभी असतो.

यंदा यायनं स्वतः ठाण्यात फोन करून दोन्ही रायफली पूजेले मागवल्या. काजल घेऊन आली, घाईत होती, तिले बंदोबस्त होता. पूजा झाल्याबरोबर तिथूनच शाळेत पोचवायच्या होत्या. हे पहाटेच अंघोळ करून तयार, अन् मले म्हणे झेंडू कमी पडतो, बाजारातून घेऊन ये. टोपलीभर झेंडू समोर होता! तरी गेली. गर्दीतून परत येतो तं पूजा उरकलेली. माझ्याशिवाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काजल रायफली कापडात गुंडाळत होती अन् माझ्याकडं पाहत नव्हती. यायचे डोळे लाल, डावा अंगठा कुंकवानं माखलेला. धुरानं झाले म्हणाले.

म्हणजे बाईनं काम केलेल्या वस्तूची पूजा बाईच्या सावलीशिवाय व्हावी, असं का? विचारलं नाही. विचारलं असतं तर सणाच्या दिवशी भांडण झालं असतं.

माझ्या मनात होतं की जाण्याआधी दोन्ही नळ्यांतून एकदा सळई फिरवावी. पण सळई पाटावर, फुलाखाली. पूजा मोडायची कशी? राहू दिलं. नागसेन रायफली शाळेच्या कोठीत ठेवून उद्याच्या धम्मचक्र दिनासाठी आजच नागपूरले निघणार, कोठीची किल्ली त्यायच्याजवळ. तपासणीपर्यंत रायफली कुलपात राहतील.

उद्या दसरा अन् गांधी जयंती एकाच दिवशी आली. बंदूकवाल्यानं आधी कोणाले हात जोडावे?

७ ऑक्टोबर

नापास.

काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर डोकं फुटेल. रेंजवर जिल्ह्याचे तपासणी साहेब, महादेवराव, नागसेन, पहाऱ्याले काजल, अन् आम्ही दोघं. नागसेनांनी पाच गोळ्या झाडल्या. एक वर गेली, एक डावीकडं, एक तर कागदालेच लागली नाही. दुसरी रायफल घेतली, तीही तशीच. नागसेनांचा चेहरा पांढरा पडला.

महादेवराव तर प्रेमाचा पुतळा झाले. साहेबाले म्हणाले, रंगराव आमचा जुना माणूस आहे, आता वय झालं, हात चालत नाही, त्याचा काय दोष. अहवालात कडक काही लिहू नका. दुकान तो मानानं बंद करेल, काम आपण बाहेर देऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबही हलवत होते. हे खाली मान घालून बसलेले. कोणी ओरडत नव्हतं, कोणी शिव्या देत नव्हतं. सगळे मिळून दुकान पुरत होते अन् वर फुलं टाकत होते.

मी चूप राह्यली असती तर खरंच काही झालं नसतं. मानानं घरी. पण मले वाटलं, दोन वर्षं मी केलं ते काम चांगलं निघालं तर यायचं, अन् वाईट निघालं तर यायच्या आजारपणाचं. मग माझं काय आहे?

म्हटलं, "साहेब, हा हात यायचा नाही. माहा आहे. शिक्षा लिहायची तं माह्या नावानं लिहा."

साहेबानं विचारलं की बाई, तुम्ही काय बोलल्या ते समजते का, तुम्ही मदतनीस आहात. म्हटलं समजते. अन् हेही समजते की ही रायफल वीस तारखेले बांगडीत मारत होती, आज मारत नाही, तं मधल्या दिवसांत तिले काहीतरी झालं. सगळ्यांसमोर खोला.

सळई फिरवली. पहिली चिंधी बाहेर आली ती लालभडक. गंज असा लाल नसते, तांबूस असते. हे लाल होतं अन् तुपकट होतं, अन् त्याच्याखाली गंज होताच. नळीत कोणीतरी कुंकू भरलं होतं. महादेवराव म्हणाले आमच्या इथं तर कुलूप होतं. नागसेन म्हणाले किल्ली माझ्या खिशात. काजल जमिनीकडं पाहत होती. हे उठले अन् ऑटोत जाऊन बसले. माझी लाज वाटली असेल, दुसरं काय.

साहेब सरळ माणूस निघाला. कारण दिसून राह्यलं म्हणून साफ करून एकदा पुन्हा चाचणी देतो म्हणाला, पण हाताबद्दल बोलल्या ते मले लिहावं लागेल. निकाल लागेपर्यंत दुकान बंद.

९ ऑक्टोबर

शटरले कागद चिकटवून गेले. बाजारपेठेतले सगळे वाचून राह्यले.

हे काम महादेवरावांचंच. कोठीची दुसरी किल्ली संस्थेजवळ नसेल असं होते का? काम बाहेर द्यायचं होतं ना, मग करा बदनाम. सकाळी सरळ त्यांच्या ओट्यावर गेली अन् चार लोकांसमोर सुनावलं. म्हटलं, निशाणा पोरींले शिकवायचा आहे की मले मारायचा आहे? ते नुसते पाहतच राह्यले.

घरी आली तं हे दोन दिवसांपासून जेवत नाहीत. माझ्यावर रुसले आहेत. सगळ्यांसमोर त्यांचा हात उघडा पाडला, ते लागलं. लागू दे. मलेही लय काही लागलं आहे.

११ ऑक्टोबर

काजल घरी आली, साध्या कपड्यांत. म्हणाली काकू, मले झोप नाही. काकांनी शपथ घातली होती म्हणून बोलली नाही.

खंडेनवमीले मले झेंडूले पिटाळलं अन् यायनं दोन्ही रायफली मांडीवर घेतल्या. नारळ फोडला. नारळाचं पाणी दोन्ही नळ्यांत ओतलं, तीर्थ घालावं तसं. तुपात कालवलेलं कुंकू अंगठ्यानं नळीच्या तोंडात, आतपर्यंत भरलं. अन् रडत होते म्हणे. काजलनं ऐकलं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं.

"माह्या बाईची लाज राखजो."

दरवर्षी ते दसऱ्याच्या सकाळी स्वतःच सगळं धुऊन पुसून काढतात. यंदा रायफली त्याच दिवशी गेल्या अन् सळई फुलाखाली राह्यली. ते विसरले, अन् मी पूजा मोडायची नाही म्हणून गप बसली. करायले गेलो गणपती अन् झाला मारुती.

घरात गेली. ठरवलं होतं ओरडायचं नाही. ओरडली. चाळीस वर्षं लोकायले सांगत आले की नळीत ओल राहू देऊ नका, अन् तुम्ही नारळाचं पाणी ओतलं? बंदूक आहे का शंकराची पिंड? हे ऐकत होते. मग म्हणाले, मले तुह्यासाठी करता येईल असं दुसरं काय उरलं होतं?

भाकरी टाकली. दोघं जेवलो.

संध्याकाळी महादेवरावांच्या ओट्यावर पुन्हा गेली. म्हटलं, कुंकवाचं चुकलं माझं, माफी मागतो. बाकी जे बोलली ते मागं घेत नाही.

१७ ऑक्टोबर

नळ्या नशिबानं वाचल्या. गंज वरचाच होता. शाळेच्या कोठीतच, नागसेनांसमोर, चार दिवस घासल्या.

चाचणीआधी साहेबानं विचारलं, कुंकू कोणी भरलं, कळलं का? हे माझ्या बाजूले उभे होते. तोंड उघडणारच होते, मी पाय दाबला. म्हटलं, साफ केल्याशिवाय माल दुकानातून बाहेर जाऊ दिला, चूक कारागिराची, म्हणजे माझी. महादेवराव गालात हसले. हसा.

ते म्हणाले आधी दोरीनं ओढा, भरवसा नाही. म्हटलं, दोरीचं मागंच झालं, आता खांदा माझा. काष्टा खोचला अन् चटईवर पालथी झाली. साठीले टेकलेली बाई पालथी पडली की लोकायले हसू येते, आलंही. मागं शाळेच्या पोरी रांगेत उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. श्वास धरला. पाच झाडल्या. दुसरीतून पाच.

नागसेन कागद घेऊन आले. बांगडी मागितली नाही, स्वतःची बोटं गोल करून ठेवली, अन् दहाही आत. सॅल्यूट या वेळी कोणाले ठोकावा ते त्यायले समजेना. आमच्या दोघांच्या मधोमध हवेत ठोकला.

रायफली पास. दुकानाचं मात्र बुलढाण्याले सुनावणीत ठरेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री

सकाळच्या बसनं बुलढाण्याले गेलो. पूर्ण रस्ताभर हे खिडकीतून पाहत होते. इस्त्रीचा सदरा, हात दुपट्ट्याखाली.

साहेब तेच तपासणीवाले, माणूस भला. दार लावून घेतलं अन् समजावून सांगितलं. म्हणाले, दोन वाटा आहेत. काकांनी एवढंच सांगावं की हात बरा होऊन राह्यला अन् काम माझ्या देखरेखीत झालं. परवाना त्यांच्याच नावावर चालू राहील, बाई मदतनीस, पहिल्यासारखं. बाकीच्या आठ रायफली पण घ्या. कोणी विचारणार नाही. दुसरी वाट अशी की काकांनी हात कायमचा गेला असं स्वतःच्या तोंडानं सांगून परवाना परत करायचा, अन् बाईनं नव्यानं मागायचा. पण त्यांचा गेलेला परत येणार नाही, अन् बाईले मिळेलच असं मी आज सांगू शकत नाही.

खरं लिहितो. मी पहिल्या वाटेले हो म्हणणार होती. रेंजवर एवढी गरजली, अन् तिथं माझा धीर सुटला. बाजूले हा माणूस बसला होता. दोन वर्षांत ज्यानं डॉक्टरजवळ, पोटच्या पोराजवळ, माझ्याजवळसुद्धा हात गेला असं म्हटलं नाही, त्याले परक्याच्या खोलीत ते म्हणायले लावायचं? कशासाठी? एका कागदावरच्या नावासाठी? मी म्हटलं, साहेब, पहिलंच राहू द्या.

यायनं मान हलवली. दुपट्टा काढला अन् डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. तो तिथं पडून राह्यला. बोटांच्या सांध्यांवर खरचटलेलं होतं, जुनं, नवं, खपल्याच खपल्या. हे कधी झालं ते मले माहीत नाही.

"हात गेला साहेब. रोज दुपारी कडी लावून लोखंडी पाना उचलून पाह्यला, रोज खाली पडला. आता नाही येत. लिहा."

मले भयंकर राग आला. कोणाचा ते आत्ता लिहितानाही सांगता येत नाही. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

साहेबानं कारकुनाले बोलावलं. माझा अर्ज तिथंच भरायले घेतला. नाव. गाव. शिक्षण, दहावी. कारकुनानं विचारलं, या कामाचा अनुभव किती. मी म्हटलं, दोन वर्षं, यायचा हात गेला तेव्हापासून. त्यानं लिहिलं.

हे खुर्चीतून अर्धे उठले. डाव्या हाताची थाप टेबलावर पडली, चहाचा कप हलला.

"खोटं कायले सांगतं वो? तीस वर्षं झाली. माशी मले कधी बसवताच आली नाही साहेब. लोक ज्या कामासाठी माहं नाव घेत, ते काम हिचं. म्या कोणाले सांगतलं नाही."

हललेला कप मी धरून ठेवला.

कारकुनानं साहेबाकडं पाह्यलं. साहेबानं मान हलवली. मग त्यानं दोन खोडून तीस लिहिलं.